मध्य प्रदेशाचे हवामान : जिल्ह्यागणिक ओळख

आपल्या सभासद कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य स्थापन झाल्यावर भोपाळला आली. कोणी नागपूरच्या सचिवालयातून फायलींसोबत आले, कोणी ग्वाल्हेर-इंदूरकडून बदलीवर, तर कोणी भेलच्या कारखान्यात नोकरीला. येताना प्रत्येकाने आपापल्या गावचे हवामानही डोक्यात बांधून आणले. आजी-आजोबा अजूनही मृग लागला की आभाळाकडे बघतात आणि "या वर्षी पाऊस लांबला" म्हणतात. खरे तर तो लांबलेला नसतो. भोपाळला तो येतोच उशिरा.

अशा अनेक गोष्टींची एकत्र माहिती असावी, मुलांना शाळेच्या प्रकल्पासाठी, शेती असलेल्यांना पिकासाठी आणि घरात वृद्ध असलेल्यांना काळजीसाठी उपयोगी पडावी, म्हणून हा लेख देत आहोत. यातील पावसाचे जिल्हावार आकडे मुद्दाम गोळाबेरीज दिले आहेत. दीर्घकाळाची सरासरी कोणत्या वर्षांवरून काढली त्यानुसार ते थोडे बदलतात.

आकडे कसे वाचावेत

पावसाची "सामान्य" म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. भारतीय हवामान विभाग सध्या पावसासाठी १९७१ ते २०२० या ५० वर्षांची सरासरी वापरतो. त्या हिशेबाने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपूर्ण मध्य प्रदेशात सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षभराच्या पावसापैकी साधारण ९० टक्के पाऊस याच चार महिन्यांत येतो.

आपल्याकडची वर्तमानपत्रे पाऊस इंचात सांगतात. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यामुळे राज्याची सरासरी "साडेसदतीस इंचाच्या आसपास" अशी छापलेली दिसते.

एखाद्या जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी किंवा जास्त असला तरी तो "सामान्य"च धरतात. २० टक्क्यांहून अधिक घट झाली की "कमी" आणि ६० टक्क्यांहून अधिक घट झाली की "फारच कमी". दिवसाच्या पावसाचेही मोजमाप ठरलेले आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार" आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त झाला तर "अत्यंत जोरदार" पाऊस.

उन्हाळ्यात सपाटीच्या भागात पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेला की उष्णतेची लाट समजतात. पारा ४५ अंशांवर पोहोचला तर सरासरी न बघताही ती लाटच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भोपाळचा म्हणून जो आकडा छापून येतो तो बहुधा बैरागढच्या वेधशाळेचा असतो. अरेरा हिल्सवर वेगळी नोंद होते. पावसाळी ढग कित्येकदा चार-पाच किलोमीटरच्या पट्ट्यातच बरसतो. नेहरू नगरात गुडघाभर पाणी साचलेले असताना बातम्यांत "भोपाळमध्ये किरकोळ पाऊस" असे ऐकू आले, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

राज्याचा मुख्य नियम

मध्य प्रदेशाचा नकाशा समोर घ्या. वर डावीकडे भिंड-मुरैना आणि खाली उजवीकडे मंडला-बालाघाट. जसजसे वायव्येकडून आग्नेयेकडे जाल तसतसा पाऊस वाढत जातो. भिंड-मुरैनाकडे वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, भोपाळकडे १००० ते ११००, जबलपूरकडे १३०० च्या आसपास आणि मंडला-बालाघाटकडे १३०० ते १५००. पचमढी या सर्वांच्या वर आहे. तिथे सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, कारण सातपुड्याचा उंच भाग ढगांना अडवतो. पचमढीचे धूपगढ हे १३५२ मीटर उंचीचे शिखर राज्यात सर्वांत उंच आहे.

याचे कारण पाऊस येतो त्या वाटेत आहे. आपल्याकडचा बराच पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. हे पट्टे ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात. वाटेत पहिल्यांदा आपले आग्नेयेकडील जिल्हे लागतात आणि शेवटी चंबळ. वाट पाहणाऱ्याच्या घरी पोहोचेपर्यंत पिशवीतले पाणी कमी होते, तसे हे आहे. दुसरीकडून अरबी समुद्राचे वारे नर्मदा आणि तापीच्या खोऱ्यांतून आत शिरतात. या दोन्ही शाखा एकाच वेळी जोर धरतात तेव्हा भोपाळ-नर्मदापुरम पट्ट्यात दोन-दोन, तीन-तीन दिवस झड लागते.

पाऊस दाखल होण्याचा क्रमही साधारण असाच आहे. आग्नेय भागात जूनच्या मध्यास, भोपाळला जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आणि ग्वाल्हेर-चंबळकडे जूनच्या शेवटच्या आठवड्यात. परतताना मात्र पाऊस वायव्येकडून आधी निघतो. म्हणजे चंबळला पाऊस उशिरा येतो आणि लवकर जातो. तिथला पावसाळाच लहान आहे.

विभागवार माहिती

माळवा (इंदूर, उज्जैन, देवास, धार, रतलाम, मंदसौर, नीमच, शाजापूर, आगर-माळवा, राजगड, सिहोर, भोपाळ). साधारण ५०० मीटर उंचीचे पठार, काळी जमीन. पाऊस ८०० ते ११०० मिलिमीटर. पश्चिमेकडे कमी, पूर्वेकडे जास्त. उंची आणि कोरडी हवा यांमुळे उन्हाळ्यातही रात्री जमीन लवकर निवते. "शब-ए-माळवा" हा शब्दप्रयोग याच सुखद रात्रींसाठी रूढ झाला. पूर्वी काळ्या जमिनीत चिखल होई म्हणून पावसाळ्यात अनेक शेते पडीक ठेवत आणि त्या ओलाव्यावर गहू-हरभरा घेत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि पावसाळी पीक मुख्य झाले. त्यामुळे आता ऑगस्टमधील खंड किंवा सप्टेंबरमधील अतिवृष्टी यांचा फटका पूर्वीपेक्षा मोठा बसतो.

निमाड (खरगोन, बडवानी, खंडवा, बऱ्हाणपूर). विंध्य उतरून खाली आलो की उंची दोन-अडीचशे मीटरने कमी होते आणि उकाडा लगेच जाणवतो. पाऊस ७०० ते ९०० मिलिमीटर. खरगोनचे नाव उन्हाळ्यात राज्यातील सर्वांत तप्त शहरांच्या यादीत वारंवार असते. कापूस आणि मिरची ही इथली ओळख. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात केळीच्या बागा आहेत. त्यांना उन्हापेक्षा मे-जूनमधील वादळाची धास्ती जास्त, कारण एका रात्रीत उभी बाग आडवी होते. पश्चिमेकडील झाबुआ-अलीराजपूर हा डोंगराळ भाग. तिथे पाऊस पडतो पण उतारावरून वाहून जातो.

नर्मदेचे खोरे (जबलपूर, नरसिंहपूर, नर्मदापुरम, हरदा). इथे दोन हवामाने लक्षात ठेवावी लागतात : गावावरचे आणि नदीच्या वरच्या अंगाचे. नर्मदापुरमला ऊन पडलेले असले तरी मंडला-जबलपूरकडे मोठा पाऊस झाला आणि बरगी, तवा या धरणांतून पाणी सोडले की सेठानी घाटावर पाणी चढते. तिथली धोक्याची पातळी ९६७ फूट आहे. १९२६, १९७३ आणि अलीकडे ऑगस्ट २०२० मधील पूर लोकांच्या लक्षात आहेत. जबलपूर-नरसिंहपूरकडे पूर्वी "हवेली" पद्धत होती. शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडायचे आणि ऑक्टोबरमध्ये ते सोडून गहू-हरभरा पेरायचा. जिरवलेल्या पाण्यामुळे विहिरींनाही आधार मिळे.

सातपुडा आणि आग्नेय भाग (बैतूल, छिंदवाडा, पांढुर्णा, सिवनी, बालाघाट, मंडला, डिंडोरी, अनूपपूर). जंगल, उंची आणि भरपूर पाऊस. बालाघाटला भात पिकतो; तिथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अमरकंटकला नर्मदा उगम पावते, तर मुलताईला तापी.

याच पट्ट्यातील मुलताई, सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी बोलणारा भाग. सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्या काही सभासदांच्या संत्र्याच्या बागा तिकडे आहेत. संत्र्याचे सगळे गणित हवामानावर असते. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि मृग बहार पहिल्या पावसावर. मृग बहारासाठी मे महिन्यात झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो. त्या काळात अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो आणि बहार फुटत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर दुहेरी नुकसान होते : आंबियाची फुले आणि कोवळी फळे झडतात आणि मृगाची तोडणीला आलेली फळेही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना हा अनुभव दिला.

ग्वाल्हेर-चंबळ (मुरैना, भिंड, श्योपूर, ग्वाल्हेर, दतिया, शिवपुरी, गुना, अशोकनगर). राजस्थान-उत्तर प्रदेशाला लागून असल्याने इथले हवामान उत्तरेचे. उन्हाळ्यात राजस्थानकडून येणारी कोरडी लू, हिवाळ्यात दाट धुके आणि कडाक्याची थंडी. पाऊस कमी; पण "कमी पावसाचा भाग म्हणजे पुराची भीती नाही" हा समज ऑगस्ट २०२१ मध्ये खोटा ठरला. श्योपूर-शिवपुरीकडे काही दिवसांत प्रचंड पाऊस कोसळला आणि सिंध नदीवरचे पूल वाहून गेले.

बुंदेलखंड आणि बघेलखंड (सागर, दमोह, पन्ना, छतरपूर, टीकमगढ, निवाडी, रीवा, सतना आणि शेजारचे जिल्हे). बुंदेलखंडात पाऊस सरासरीने बरा दिसतो, ९०० ते ११०० मिलिमीटर. मात्र खाली कठीण खडक असल्याने पाणी मुरत नाही. एखादे वर्ष कोरडे गेले की लगेच टंचाई. विसाव्या शतकानंतरच्या पहिल्या दशकात इथे लागोपाठ दुष्काळ पडले आणि गावेच्या गावे मजुरीसाठी बाहेर पडली. चंदेल राजांनी बांधलेले जुने तलाव या भागात एवढे का आहेत, याचे उत्तर याच खडकात आहे.

नक्षत्रे आपली, पाऊस इथला

मराठी घरात पाऊस नक्षत्रांवरून ओळखतात. मृग ७ किंवा ८ जूनला लागतो आणि मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून आहे. म्हणून तिकडे "मृगाचा पाऊस" जुळतो. भोपाळला पाऊस स्थिरावतो तो २१-२२ जूनच्या सुमारास, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात. घरातील पंचांग चुकीचे नाही. आपण एक नक्षत्र पुढे राहायला आलो आहोत, एवढेच.

इथले काही शब्दही आता आपले झाले आहेत. नव्या सुनांना आणि जावयांना ते माहीत असावेत :

नौतपा – सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मे ते २ जून. हा वर्षातील सर्वांत तापलेला काळ मानतात. कर्कवृत्त भोपाळच्या थोडेसे उत्तरेकडून, विदिशाच्या रस्त्यावरून जाते. त्यामुळे सूर्य खरा डोक्यावर येतो तो जूनमध्ये. परंतु तोवर ढग येऊ लागतात, म्हणून तापमानाचा कळस मे महिन्यातच होतो.

मावठा – डिसेंबर ते फेब्रुवारीतील पाऊस. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे तो पडतो. हलका मावठा गव्हाला पोषक, गारांसह आला तर घातक.

पाला – आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पाने. इथे पाला म्हणजे पिकावर गोठणारे दव. वाटाणा, हरभरा आणि तूर यांवर पाला पडला की पीक काळे पडते.

भोपाळ आणि नेहरू नगर

भोपाळला मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या थोडे वर आणि जानेवारीत सरासरी किमान १०-११ अंश असते. टोकाच्या नोंदी पाहिल्या तर १९ मे २०१६ रोजी ४६.७ अंश आणि १८ जानेवारी १९३५ रोजी ०.६ अंश. ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान सरासरी तिशीच्या आत येते, आणि पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये पुन्हा काही अंशांनी वर जाते. हीच ती "ऑक्टोबर हीट".

शहराचे पाणी आणि हवामान यांचा सांधा म्हणजे मोठा तलाव. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेल्या या तलावात मुख्यतः सिहोरकडून येणाऱ्या कोलांस नदीचे पाणी येते. म्हणून भोपाळात किती पाऊस झाला यापेक्षा सिहोरकडे किती झाला, हे तलावासाठी महत्त्वाचे. तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट. ती गाठली की आपल्या नेहरू नगरापासून जवळच असलेल्या भदभद्याचे दरवाजे उघडतात. १९६५ मध्ये बांधलेल्या या बंधाऱ्याला ११ दरवाजे आहेत. ते पाणी कलियासोतमध्ये, तिथून बेतव्यात आणि पुढे विदिशाकडे जाते. आपल्या मुलांना दरवाजे बघायला नेताना हेही सांगावे, की इथली मौज खालच्या गावांसाठी इशारा असतो.

याच्या उलट २००९ चा उन्हाळा. आदल्या पावसाळ्यात तलाव भरला नव्हता आणि पाणी इतके आटले की तळाला भेगा पडल्या. शहरातील हजारो लोकांनी श्रमदान करून गाळ काढला. कोलारचे पाणी आधीपासून होते; पुढे नर्मदेचे पाणीही भोपाळला आणावे लागले. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला आहे ते नळ वाहता ठेवून दात घासत नाहीत.

हवामानाची आणखी एक आठवण जड मनाने नोंदवावी लागते. आपल्या हिवाळी रात्री शांत असतात; वारा मंद, आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण ठेवल्यासारखी कोंडून राहते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री अशीच स्थिती होती. हवेपेक्षा जड असलेला विषारी वायू वर न जाता वस्तीतूनच पसरला. दोष हवेचा नव्हता; पण हवेने संकट वाढवले. आजही डिसेंबर-जानेवारीत धूर आणि धूळ याच कारणाने खाली साचते. दमा असलेल्यांनी या दिवसांत पहाटेऐवजी ऊन आल्यावर फिरायला जावे.

काय बदलत आहे

एका वर्षाच्या पावसावरून "हवामान बदलले" असे म्हणता येत नाही. १८९९-१९०० चा, संवत १९५६ चा "छप्पनिया" दुष्काळ माळव्यानेही भोगला आहे. टोकाची वर्षे पूर्वीही होती. मात्र दीर्घ नोंदींतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. २००६ मध्ये भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या नोंदी तपासल्या. अति जोरदार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या, असे त्यांना दिसले. एकूण पाऊस जवळपास तेवढाच. पडण्याची रीत बदलली. पुढे २०१७ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले. अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पातील चढउतार हे त्याचे एक कारण. याच संस्थेने आता आपल्या शेजारी, सिहोर जिल्ह्यात सिलखेडा येथे, मध्य भारताच्या पावसाचा अभ्यास करणारे केंद्र उभारले आहे.

सामान्य माणसासाठी याचा अर्थ असा : सरासरी बघून निश्चिंत राहू नये. चार महिन्यांचा पाऊस ठीक दिसतो, पण त्यातील मोठा वाटा चार-सहा दिवसांत पडून वाहून गेलेला असू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये मंदसौर-नीमचकडे, राज्याच्या तुलनेने कोरड्या पश्चिम टोकाला, गांधीसागर धरण ओसंडले आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले.

घरासाठी आणि मंडळासाठी

१. पाडवा ते नौतपा : हवा कोरडी असते, म्हणून कूलर आणि वाळ्याचे पडदे उत्तम काम करतात. पाऊस सुरू झाला की तोच कूलर दमटपणा वाढवतो. दुपारी १२ ते ४ ज्येष्ठांना बाहेर पाठवू नये. पन्हे, ताक हाताशी ठेवावे. घाम थांबला, बोलणे असंबद्ध झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

२. गणेशोत्सव : तो ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे मघा ते उत्तरा नक्षत्रांत येतो. पाऊस धरूनच मांडवाची आखणी करावी. विसर्जनाच्या दिवशी तलावाची पातळी आणि दरवाज्यांची स्थिती आधी विचारून घ्यावी.

३. कोजागरी : बहुतेक वर्षी पाऊस परतलेला आणि आकाश निरभ्र असते. मोकळ्या गच्चीवर कार्यक्रम ठेवायला वर्षातील ही सर्वांत भरवशाची रात्र.

४. संक्रांत : थंडी जोरात, मावठ्याची शक्यता. हळदीकुंकू शक्यतो दुपारी ठेवावे.

५. छतावरचे पाणी : १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १००० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९३ हजार लिटर पाणी. गळती-बाष्पीभवन वजा करूनही ७० हजार लिटरच्या आसपास जमिनीत मुरवता येते. २००९ आठवणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घरी वडील-आजोबांच्या रोजनिश्या आहेत. त्यांत "आज पहिला पाऊस", "भदभदा उघडला", "अंगणात गारा" अशा नोंदी तारखेसह सापडतात. वेधशाळेचे आकडे सरकार जपते. या नोंदी आपणच जपायच्या आहेत. अशी पाने आढळल्यास कृपया मंडळाकडे त्यांची प्रत द्यावी. आणि या वर्षी पहिला पाऊस कधी आला, ते आपणही वहीत लिहून ठेवावे. आपली नातवंडे तो मृगात आला की आर्द्रात, हे नक्की विचारतील.